शेवटच्या ओळीत देश

परदेशी जाणाऱ्या पाकिटावरचा पत्ता दोन वेगवेगळ्या माणसांसाठी लिहायचा असतो. शेवटची ओळ, म्हणजे देशाचं नाव, ही पत्र रवाना करणाऱ्यासाठी. कुठल्या देशाच्या थैलीत ते टाकायचं, एवढंच त्याला ठरवायचं असतं. वरच्या ओळी, नाव, घर, रस्ता, गाव, पिनकोड, या पलीकडच्या पोस्टमनसाठी. रवाना करणाऱ्याला त्यातलं अक्षरही कळलं नाही तरी त्याचं काम अडत नाही. पोस्टाच्या खिडकीवरच्या काकांनी मला हे समजावून सांगितलं आणि तेव्हापासून पत्र टाकताना मी एकच प्रश्न स्वतःला विचारते: या टप्प्यावर हे पाकीट कोण वाचणार आहे?

शाळेत आम्हाला भाषा शिकवणाऱ्या बाई निवृत्तीनंतर मुलीकडे परदेशात राहायला गेल्या. तिथून त्यांचं पत्र आलं. पाठपोट लिहिलेले कागद, आणि समासात बारीक अक्षरात मागाहून सुचलेल्या गोष्टी. फोनवर दोन ओळी पाठवून पोच देता आली असती. पण ज्यांनी आम्हाला पत्र लिहायला शिकवलं त्यांच्या पत्राला पत्रानेच उत्तर जायला हवं होतं, आणि नुसतं लिहून भागणार नव्हतं, ते त्यांच्या हातात पडायला हवं होतं. म्हणून मी सगळी चौकशी नीट करायची ठरवली.

पहिली गोष्ट पत्त्याची. बाईंनी पाकिटामागे स्वतःचा पत्ता लिहिला होता, पण त्यात घर क्रमांकापुढे मजला नव्हता, फ्लॅटचा नंबर नव्हता. काहीतरी राहून गेलं असणार असं वाटून मी त्यांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "ताई, इथे फ्लॅटला नंबरच नसतो. खाली पत्रपेट्यांची रांग असते, तिच्यावर आडनावं असतात. पोस्टमन आडनाव बघून टाकतो." पेटीवर आडनाव तिच्या सासरचं होतं. नुसतं बाईंचं नाव लिहिलं असतं तर पत्र दारापर्यंत जाऊन परत फिरलं असतं. म्हणून पहिल्या ओळीत बाईंचं नाव आणि दुसऱ्या ओळीत मुलीच्या नावाने 'मार्फत' घातलं, तेही तिथे चालतं तसं 'सी/ओ' लिहून. जर्मनीत तर सर्रास असंच असतं; तिथे पेटीवरचं नाव हाच खरा पत्ता.

यातून मी एक धडा घेतला. परदेशातला पत्ता आपल्या डोळ्यांना अपुरा किंवा उलटा दिसला तरी आपण होऊन तो सुधारायचा नाही. जर्मनीत आधी रस्त्याचं नाव आणि मग घराचा आकडा, फ्रान्समध्ये नेमकं उलट. जपानात बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. विभाग, त्यातला गट आणि त्यातलं घर अशा आकड्यांवर पत्र पोचतं. शिवाय तोच पत्ता जपानी लिपीत मोठ्या जागेकडून लहान जागेकडे लिहितात आणि रोमन लिपीत माणसाच्या नावापासून सुरू करतात. हाँगकाँगला पिनकोडच नाही. संयुक्त अरब अमिरातीत पत्रं पोस्ट बॉक्सवर जातात, त्यामुळे इमारतीचं नाव कितीही ठळक लिहिलं तरी बॉक्स नंबराशिवाय उपयोग नाही. मिळाला तसा पत्ता उतरवून घ्यावा, ओळींचा क्रमसुद्धा तोच ठेवावा.

लिपीचा प्रश्न काकांना विचारला. पत्ता रोमन लिपीत आणि इंग्रजीत लिहितात त्या 1, 2, 3 अशा अंकांत लिहावा, आणि पलीकडच्या देशाची लिपी वेगळी असेल तर त्या लिपीतही द्यावा, अशी शिफारस आहे. देशाचं नाव मात्र सगळ्यांत खाली, स्वतंत्र ओळीत, मोठ्या अक्षरांत, पूर्ण. खाली रेघ मारायची नाही, आद्याक्षरांवर भागवायचं नाही. 'सीए' लिहिलं तर कॅनडा समजायचं की कॅलिफोर्निया? 'जॉर्जिया' हा देशही आहे आणि अमेरिकेतलं राज्यही. ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात रोमन अक्षरांचा फरक इतका थोडा की घाईत लिहिलेलं पाकीट दुसऱ्याच खंडात जाऊ शकतं. काकांनी हे सांगताना माझ्या पाकिटावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मला ही एकच ओळ लांबून दिसली पाहिजे." मी ती काळ्या शाईच्या जाड पेनाने लिहिली.

पाकिटाच्या मापाकडे मी पूर्वी कधी लक्ष दिलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय नियमांत लहान पत्राचं माप ठरलेलं आहे: कमीत कमी ९० बाय १४० मिलिमीटर, जास्तीत जास्त १६५ बाय २४५, जाडी ५ मिलिमीटरपर्यंत आणि वजन १०० ग्रॅमपर्यंत. दुकानात मिळणारं सी ५ पाकीट, १६२ बाय २२९, यात बरोबर बसतं. लांबट डीएल पाकीटही बसतं. याहून मोठं किंवा जाड झालं की ते मोठ्या पत्रात जमा होतं आणि दर बदलतो. त्यापुढे मग जाड पाकिटांचा वर्ग, २ किलोपर्यंतचा. पत्त्याची जागाही मापाची असते. वरून ४० मिलिमीटर जागा तिकिटं आणि शिक्क्यासाठी मोकळी, खालच्या आणि उजव्या कडेला १५ मिलिमीटर कोरी. खालच्या कोऱ्या पट्टीत पत्रांची वर्गवारी करणारं यंत्र स्वतःच्या रेघा छापतं. तिथे आपण नक्षी काढली किंवा 'घडी घालू नये' असं लिहिलं की यंत्राला अडथळा होतो. पाठवणाऱ्याचा पत्ता वर डाव्या कोपऱ्यात, लहान अक्षरात. तो ठळक झाला तर यंत्र त्यालाच खरा पत्ता समजू शकतं, म्हणून दोन्हींच्या अक्षरांत स्पष्ट फरक ठेवला.

वजनाचं गणित घरीच करता येतं. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, ए ४ कागद ५ ग्रॅमचा असतो. पाकीटही साधारण तेवढंच भरतं. बऱ्याच देशांत दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे, म्हणजे तीन कागद आणि पाकीट एवढ्यावर तो संपतो. माझं पत्र त्याच्या पुढे गेलं. बाईंना लिहायचं आणि तीन कागदांत आवरायचं, हे मला मान्य नव्हतं, मी पुढचा दर भरला.

आत काय घालायचं यावर मात्र मला थांबून विचार करावा लागला. बाईंनी पत्रात शाळेच्या अंगणातल्या फुलझाडाची आठवण काढली होती. त्याच्या बिया कागदाच्या पुडीत बांधून पाठवाव्यात असं माझ्या मनात होतं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "बिया घातल्यात की हे पत्र राहत नाही, माल होतो." मालाला कस्टम्सचं लेबल लागतं, सीएन २२ नावाचं. त्यावर आत काय आहे, वजन किती, किंमत किती हे लिहून सही करायची. शिवाय २०२१ पासून हीच माहिती पाकीट पोचायच्या आत पलीकडच्या देशाला संगणकावरून पाठवावी लागते. बियांचं तर आणखी वेगळं आहे. बहुतेक देश रोगमुक्त असल्याच्या अधिकृत दाखल्याशिवाय त्या आत घेत नाहीत, आणि त्यामागे साधं कारण आहे. एका पुडीतून आलेली कीड त्यांची शेती बुडवू शकते. कागदावर लिहिलेला मजकूर, छायाचित्र, कात्रण यांना लेबल लागत नाही. मी झाडाचा फोटो काढून घातला, मागे तारीख घातली. नोटा आणि नाणी साध्या पत्रात घालायला आंतरराष्ट्रीय नियमांतच मनाई आहे, हेही काकांनी न विचारता सांगितलं. वाढदिवसाच्या पाकिटात नोट घालायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग तिकिटं. छापील चिकटपट्टी लावून काम झालं असतं, पण मी तिकिटं मागून घेतली. बाईंच्या नातवाने त्यांच्या पाकिटावरची तिकिटं मोजली होती असं त्यांनीच लिहिलं होतं, तर आमच्याही बाजूने काहीतरी बघण्यासारखं जावं. काकांनी दर जुळवून तिकिटं फाडून दिली, मी ती ओळीने उजव्या कोपऱ्यात लावली. त्यांनी माझ्यासमोर शिक्का मारला. तारखेची कड तिकिटावर आणि पाकिटावर दोन्हीकडे उमटली का हे त्यांनी वाकून पाहिलं, एका ठिकाणी पुसट होती तिथे पुन्हा मारला.

तेव्हा मनात एक साधा प्रश्न आला. मी पैसे दिले ते माझ्या देशाच्या टपाल खात्याला. पलीकडचा पोस्टमन जिने चढून, पेट्या शोधून हे पत्र टाकणार, त्याच्या खात्याला माझ्याकडून काय मिळालं? यामागची हकिगत मी नंतर वाचून काढली आणि ती मला फार आवडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दर दोन देशांत वेगळा करार असे. पत्र कुठल्या वाटेने जाणार त्यावर दर ठरे, आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचा हिस्सा वेगळा मोजावा लागे. अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांच्या पुढाकाराने १८६३ मध्ये पॅरिसला १५ देश यावर बोलायला जमले. पुढे जर्मनीच्या हाइनरिख फॉन श्टेफान यांनी हा विषय लावून धरला आणि ९ ऑक्टोबर १८७४ ला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांच्या परिषदेत करारावर सह्या झाल्या. पत्रांपुरता हा सगळा मुलूख एकच, असं त्यात ठरलं. आज ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन असतो तो याच तारखेवरून. त्या संस्थेला १८७८ पासून जागतिक टपाल संघ म्हणतात, आणि आता तिचे १९२ सदस्य देश आहेत.

आणि हिशेब? त्यांनी तो ठेवलाच नाही. ज्या देशात तिकीट विकलं गेलं, पैसे त्याचे. कारण त्या लोकांनी असं धरलं की पत्र गेलं की त्याला उत्तर येणारच. आज तुम्ही आमचं पत्र फुकट वाटलंत, उद्या त्याचं उत्तर आम्ही फुकट वाटू. माणसं एकमेकांना उत्तरं लिहितात, या एका विश्वासावर जगाची टपालव्यवस्था जवळजवळ शंभर वर्षं चालली. मासिकं, जाहिराती, पुस्तकं एकाच दिशेने वाहू लागली तेव्हा हे गणित बिघडलं आणि १९६९ मध्ये टोकियोला भरलेल्या संघाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सदस्य देशांच्या परिषदेत, पलीकडच्या देशाला वाटपाचा मोबदला द्यायचं ठरलं. तोवर मात्र उत्तर येईल हे गृहीतच होतं. बाईंना उत्तर लिहिणं हे मला माझं वैयक्तिक काम वाटत होतं. ते किती जुन्या समजुतीला धरून होतं हे वाचताना मला खरोखर भरून आलं.

या संघाच्या करारात आणखी एक गोष्ट आहे. तिसऱ्या देशातून टपाल जात असेल तर त्या देशाने ते अडवायचं नाही, आणि स्वतःच्या टपालासाठी जी सर्वांत जलद आणि सुरक्षित वाट वापरतो त्याच वाटेने पुढे पाठवायचं. अंध व्यक्तींसाठीच्या ब्रेल साहित्यालाही या संघाच्या नियमांत टपाल हशील माफ आहे. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

तिकीट कमी पडलं तर काय, हेही विचारून घेतलं. अशा पाकिटावर 'टी' अक्षराचा शिक्का बसतो आणि राहिलेली रक्कम पलीकडे वसूल होऊ शकते, किंवा पत्र परत येतं. बाईंच्या मुलीकडे पोस्टमनने पैसे मागावेत हे मला नको होतं, म्हणून वजन दुसऱ्यांदा करून घेतलं.

शेवटी रजिस्टर करायचं की साधं टाकायचं, हा निर्णय. मी रजिस्टर केलं. पाकिटावर बारकोडची पट्टी लागली: तेरा जागांचा क्रमांक, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. रजिस्टर पत्राचं पहिलं अक्षर 'आर'. ही रचना सगळ्या जगात एकच आहे. नऊ आकड्यांतला शेवटचा हा पडताळणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. उदाहरणादाखल ४७३१२४८२ घ्या. बेरीज २०० येते, बाकी २, म्हणून नववा आकडा ९. (वजाबाकी १० आली तर ० लिहितात, ११ आली तर ५.) पावतीवरचा आकडा पुसट उमटला असेल तर या गणिताने तो पडताळून बघता येतो. मी माझ्या पावतीवर करून पाहिलं, जुळलं.

पावती जपून ठेवायला हवी. रजिस्टर पत्राची चौकशी टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते, ती सहसा पाठवणाऱ्याने आपल्या देशात करायची असते, आणि पावतीशिवाय ती पुढे सरकत नाही. साध्या पत्राची अशी चौकशी होत नाही.

यापुढचे दिवस वाट बघण्याचे. पावतीवरचा क्रमांक घालून संगणकावर बघितलं तर पहिल्यांदा नोंद दिसली पत्र घेतल्याची, मग देशाबाहेर जाणाऱ्या टपालाच्या केंद्रातली. त्यानंतर काहीच नाही. मी सारखी बघत होते आणि नोंद तीच. पत्र हरवलं असं समजून घाबरायचं कारण नसतं, हे काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. केंद्रात पत्र थैलीत जातं, थैलीला सील लागतं, आणि मग विमानतळ, विमान, मधला देश, दुसरं विमान या सगळ्यात नोंद होते ती थैलीची. आतलं एकेक पत्र पुन्हा वाचलं जातं ते पलीकडच्या केंद्रात सील तोडल्यावर. मधल्या काळात सगळं ठीक असतं आणि तरीही पडद्यावर हालचाल नसते. टाकण्याआधी एवढं मात्र बघून घ्यावं की त्या देशाचं टपाल सध्या चालू आहे. २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा अनेक देशांचं टपाल थांबलं होतं. डेन्मार्कमध्ये १६२४ पासून पत्रं वाटणाऱ्या सरकारी मालकीच्या सेवेने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप थांबवलं. ते काम आता खासगी कंपनी करते. हे वाचून मला वाईट वाटलं. एका देशाने वाटप सोडलं तर तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्या जगातून पत्र पाठवणाऱ्यांचाही तो प्रश्न होतो.

पत्र पोचलं. पण कसं, ते बाईंनी पुढच्या पत्रात लिहिलं. पोस्टमन आला तेव्हा त्या फिरायला बाहेर पडल्या होत्या. रजिस्टर असल्यामुळे सहीशिवाय देता येईना, म्हणून तो पेटीत चिठ्ठी टाकून गेला. मग मुलीची सुट्टी बघून, ओळखपत्र घेऊन दोघी दूरच्या पोस्टात गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि पत्र घेऊन आल्या. बाईंनी तक्रारीचा सूर लावला नव्हता, उलट ती फेरी त्यांनी रंगवून लिहिली होती. पण सत्तरीपुढच्या माणसाला माझ्या पत्रासाठी थंडीत एवढं जावं लागलं, हे मला बरं वाटलं नाही. रजिस्टर करताना मी पाकीट वाचणाऱ्या सगळ्यांचा विचार केला होता, तो पाकीट हातात घेणारीपर्यंत नेला पाहिजे, असं आता वाटतं. कागदपत्रं, दाखले, पुन्हा मिळणार नाही अशी कुठलीही वस्तू असेल तर रजिस्टरच करावं. मनातलं लिहिलेलं पत्र साधं जावं आणि सरळ पेटीत पडावं.

परतीचं तिकीटही मला बाईंना पाठवायचं होतं, पण आपल्या देशाचं तिकीट तिथे चालत नाही. यासाठी १९०६ च्या रोम काँग्रेसने आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन काढलं होतं. ते तिथल्या पोस्टात देऊन तिथलं तिकीट घेता येई. पत्रमैत्री करणाऱ्यांच्या पिढ्या त्यावर जगल्या. अमेरिकेने २०१३ मध्ये त्याची विक्री बंद केली, ब्रिटनने त्याच्याही आधी. काकांनी खण उघडून बघितला आणि मान हलवली. बाईंना हे कळवलं तर त्यांनी लिहिलं की तिकिटाचा खर्च माझा मला करू दे, तू फक्त अक्षर थोडं मोठं काढ.

आता आम्ही दोघींनी पत्रांना क्रमांक द्यायला सुरुवात केली आहे. वर तारीख, तिच्याखाली क्रमांक, आणि पहिल्याच वाक्यात समोरच्याचं कितवं पत्र मिळालं ते. साध्या टपालाने पाठवताना एवढी नोंद पुरते. मधला आकडा गळला तर कुठलं पत्र वाटेत राहिलं हे लगेच कळतं, आणि त्यातलं महत्त्वाचं पुन्हा लिहिता येतं. बाईंचं ताजं पत्र काल आलं. त्यांच्या क्रमांकात खंड नाही. उत्तराचे दोन कागद लिहून झालेत, तिसरा अर्धा आहे.